दामूकाकांचा जबाब

दामूकाका दार कधी एकदम उघडत नसत. सख्खी बहीण आली तरी आधी खिडकीतून प्रश्न, "कोण? कशाला? सोबत कोण?" मग कडी निघायची. मी नागावला माहेरी परतले आणि शेजारच्या वाडीतल्या या म्हाताऱ्याच्या तावडीत आयती सापडले.

माझा नवरा ब्राझीलमध्ये नोकरीवर असताना वारला. इरा तिथेच जन्मलेली, त्यामुळे पासपोर्टही तिथलाच. आईबाप दोघं भारतीय, पण पोर कागदोपत्री परकी. तिच्या वतीनं मी नागरिकत्वाचा अर्ज केला होता. तो फेटाळला गेला आणि व्हिसा वाढला नाही, तर सात वर्षांच्या पोरीला देश सोडावा लागणार होता. आणि तिकडे तिचं होतं कोण?

गावानं हे ऐकलं आणि हळहळलं. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "असेल. पण कशावरून?" उभा जन्म अलिबागच्या कचेरीत कारकुनी करण्यात गेलेला. "नवरा गेल्याचा दाखला दाखव." मी दाखवला. त्यांनी तो उलटा करून मागची कोरी बाजूसुद्धा निरखली. "भाषा तिकडची. काय लिहिलंय ते तूच सांगणार, आणि मी मान डोलावणार, होय गो?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढे तर पाळतच सुरू झाली. सुपारी सोलायचं निमित्त करून कुंपणाशी बसायचे. इरा शाळेत किती वाजता जाते, कोणाबरोबर येते, डॉक्टर कोणता, सगळ्यावर डोळा. एकदा तिला एकटीला गाठून विचारलं, "ही तुझी खरी आई ना?" इराला गंमत वाटली. ती आपली रोज त्यांच्या शेजारी जाऊन बसायला लागली. मला मात्र खात्रीच झाली की हा माणूस अर्जाविरुद्ध तक्रार ठोकणार. मनातल्या मनात मी त्यांना काय काय शिव्या घातल्या, ते सांगायची आज लाज वाटते.

अर्जाच्या चौकशीला पोलीस येणार, शेजाऱ्यांचे जबाब घेणार असं कळलं तेव्हा शेजारची होमस्टेवाली सुमनताई म्हणाली, "घाबरतेस कशाला? इथंच जल्मलेली पोर हाय म्हणून सांगू आम्ही. मिटला इषय!" मी हो म्हटलं नाही, पण नकोही म्हटलं नाही. उलट काकांपुढे जाऊन हात जोडले, "निदान वाईट तरी बोलू नका." ते शांतपणे म्हणाले, "बघितलंय तेवढं सांगणार. तुझ्यासाठी एक शब्द कमी नाही नि एक जास्त नाही."

हवालदार सुमनताईकडे आणि तिच्या जावेकडे पाच-पाच मिनिटं बसला. काकांकडे चांगला तासभर. संपलं सगळं, म्हटलं.

आठवड्यानं अलिबागच्या जिल्हाधिकारी कचेरीतून बोलावणं आलं. अधिकाऱ्यांचा चेहरा कडक होता. "बाई, अर्जात जन्म ब्राझीलचा आणि शेजारणी सांगतात नागावचा. मूल एक, जन्म दोन? पोर नक्की कोणाची आहे?" आमच्या मायाळू माणसांनी मायेपोटीच घात केला होता, आणि मी तो होऊ दिला होता.

"तिसरा जबाब आहे, म्हणून थांबलोय," असं म्हणत त्यांनी वाचायला घेतलं. "मुलगी बाहेरून आलेली आहे. आली तेव्हा तिला मराठी येत नव्हते. बाई खरी आई आहे काय, याबद्दल मला संशय होता. दोन वर्षे लक्ष ठेवले. मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा बाई एकवीस दिवस घराबाहेर पडली नाही. आता संशय नाही."

अर्जाशी जुळणारा तेवढा एकच जबाब होता. फाईल पुढे सरकली.

घरी येऊन म्हटलं, "काका, चुकले मी." "चुकलीसच. खोट्या साक्षीनं पोर घालवून बसली असतीस," म्हणाले आणि परत सुपारी सोलायला लागले.

प्रमाणपत्र आलं तेव्हा काका जाऊन दोन महिने झाले होते. इराला घेऊन मी ते आणायला गेले. सही घेता घेता अधिकाऱ्यांनी फाईल माझ्याकडे वळवली. "त्या दिवशी शेवटची ओळ मी वाचली नव्हती. जबाबात बसत नाही हो ती. पण हवालदार म्हणाला, लिहून घेतल्याशिवाय आजोबा उठूच देईनात."

इरानं ती ओळ अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचली.

"सदर मुलगी येथून गेल्यास मला करमणार नाही."