तळ्याकाठचं वळण

सकाळी तळ्याभोवतीच्या रस्त्यावर फिरायला गेलो, तेव्हा वळणावर एक स्कूटर थांबलेली दिसली. चालवणारे सत्तरीचे गृहस्थ मागं बसलेल्या, तितक्याच वयाच्या मित्राला उतरवत होते. त्या मित्राचा एक पाय गुडघ्यात वाकत नव्हता. दोघं कठड्यावर बसले. मीही शेजारी टेकलो.

“इथं मोटारसायकलींच्या शर्यती व्हायच्या,” ताठ पायाचे आबा मला म्हणाले. “हाच रस्ता. त्या दिवशी एसटी गावाबाहेरून जायची. झाडांना गवताच्या पेंढ्या बांधायचे. माणसं गच्च्यांवर चढून बघायची.”

शेवटच्या शर्यतीत आबा पुढं होते आणि त्यांच्या मागोमाग हे मित्र, बापू. याच वळणावर आबांची गाडी घसरली आणि झाडावर आदळली. बापूंसमोर आता रस्ता मोकळा होता. पण त्यांनी गाडी थांबवली आणि आबांना उचलून दवाखान्यात नेलं. त्यानंतर गावानं शर्यती बंद केल्या.

आता तिथं गतिरोधक आहे, भाजीची गाडी उभी असते. रस्त्याला काही आठवत नाही. आठवायचं काम माणसांचं, आणि ती माणसं तर थकत चाललेली.

“थांबला नसता तर शर्यतीच्या बक्षिसाची ढाल याचीच होती,” आबा म्हणाले.

बापू उठून स्कूटर स्टँडवरून काढत होते. “ती ढाल काय रोज सकाळी माझ्याबरोबर चहाला आली असती?” असं म्हणाले, आणि आबा मागं नीट बसेपर्यंत त्यांनी गाडी हलवली नाही.