डब्यातला थांबलेला पंखा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी श्रीरामपुरात आमच्या घरी कॉम्प्युटर आला, तो माझ्या अकरावीच्या अभ्यासासाठी. नाद मात्र लागला माझ्या वडिलांना. शाळेत गणित शिकवणारा, जन्मभर सायकलवर फिरलेला हा माणूस सुट्टीच्या दुपारी मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळत बसायचा. वळण आलं की खुर्चीत स्वतःही कलायचा.

उन्हाळा लागला आणि तिसऱ्या फेरीत गाडी जागच्या जागी थिजायला लागली. मग कॉम्प्युटर आपोआप बंद. पत्र टाइप करताना मात्र काही व्हायचं नाही. विकणाऱ्याने व्हायरस आहे म्हणत दोनदा सगळं पुसून नव्याने भरून दिलं. फरक पडला नाही.

शेजारी विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारे मिस्त्रीकाका राहायचे. त्यांनी कॉम्प्युटर जवळून कधी पाहिला नव्हता. वडिलांनी सहज विषय काढला, तर ते येऊनच बसले.

"तुमी खेळा, मास्तर. मी नुस्ता बघतो."

गेम सुरू झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याच्या कुशीला तळहात टेकवला आणि डोळे मिटले. कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा म्हणाले, "आत पंखे किती हायेत? मला एकाचाच आवाज आला."

आम्हाला कुठे माहीत होतं? वायर काढून झाकण उघडलं. घरामागच्या जिनिंग कारखान्यातून हिवाळाभर उडालेला कापूस आत गादीसारखा बसला होता, आणि त्यात एक छोटा पंखा गच्च अडकला होता. काकांनी रंगाच्या कोरड्या ब्रशने कापूस काढला, आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पंख्यात सोडला आणि टिचकी मारली. पंखा भिरभिरला.

झाकण न लावताच वडील पुन्हा खेळायला बसले. तिसरी फेरी झाली, चौथी झाली. काका पडद्याकडे बघतच नव्हते. ते डब्यात वाकले होते.

"पंख्याखाली काय हाय, मास्तर?"

"सगळी आकडेमोड तिथे होते. गाडी, रस्ता, डोंगर, सगळं तिथूनच येतं."

"एवढ्याशा वडीतनं?" काकांनी पंख्याखालच्या पत्र्याला बोट लावून पाहिलं. "म्हंजी ती इचार करून तापती व्हय?"

"हो," वडील म्हणाले.

मीही वाकून पाहिलं. इतके दिवस मी फक्त पडदाच बघत होते. मग काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तू हेच शिकनार ना?"

मी मान डोलावली. तोवर मी तसं काही ठरवलं नव्हतं.