रंगकाकांना नात झाली

वृत्तवाहिनीच्या मेकअपच्या खोलीत त्यांना सगळे रंगकाका म्हणत. पडद्यावर दिसणारा प्रत्येक चेहरा आधी त्यांच्या हाताखालून जायचा. बातम्या देणाऱ्या बाईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं असोत की चर्चेला आलेल्या डॉक्टरांच्या टकलाची चकाकी, सगळ्यावर ते पांघरूण घालायचे. "तुम्ही सगळे उघडकीस आणायच्या धंद्यात," ते बाईंना म्हणायचे, "आणि मी एकटा झाकायच्या!"

त्यांना नात झाली आणि त्याच आठवड्यात नवा फ्लू आला. बायको आधीच लेकीकडे बाळंतपणासाठी गेली होती. रंगकाका सुट्टीच्या दिवशी जाणार होते. शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टांगला होता. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, राग मानू नका, पण थोडे दिवस थांबा. तुम्ही दिवसभर लोकांच्या तोंडाला हात लावता."

"अगं, हात धुतो मी! साबण झिजला, कातडी झिजायची राहिली."

"तुमच्याच बाई सांगतात ना टीव्हीवर, एका शिंकेत किती जंतू असतात ते?"

रंगकाकांनी खुर्चीवरचा शर्ट काढून कपाटात ठेवला. ते वाक्य म्हणायला जाताना बाईंच्या गालांना लाली त्यांनीच लावली होती.

मग गावभर एकच धास्ती पसरली. औषधांच्या दुकानांसमोर रांगा लागल्या. बसमध्ये कुणाला ठसका लागला की आजूबाजूच्या जागा रिकाम्या. रंगकाका जिना चढताना दिसले की शेजारीण नाकाला रुमाल लावून भिंतीला चिकटायची. घरी आल्यावर एकट्यापुरता चहा ठेवायचा आणि फोन उघडून बसायचं, हाच त्यांचा विरंगुळा.

"जरा उजेडात धर ना तिला," ते बायकोला सांगायचे. "फोनवर रंग खरा दिसत नाही. गाल पिवळट आहेत का?"

"अहो, बाळ आहे ते! तुमच्या पडद्यावरचा पाहुणा नव्हे."

"वास कसा येतो गं तिचा?"

बायकोने बाळाच्या टाळूला नाक लावलं. मग म्हणाली, "आता फोनवरून वास कसा पाठवू मी?"

एकदा धीर करून त्यांनी बाईंना विचारलं, "जरा सौम्य नाही का सांगता येणार?"

"काका, सौम्य बोलले की लोक दुसऱ्या वाहिनीवर जातात. वरून सांगतात, आवाज चढवा," बाई म्हणाल्या. "माझाही मुलगा आईकडे ठेवलाय. मला काय हौस आहे?"

शेवटी लेक विरघळली. "उद्या या बाबा. मास्क लावून, लांबून बघा." रंगकाकांना आभाळ ठेंगणं झालं. शर्टाला पुन्हा इस्त्री झाली.

त्याच दुपारी बाई आल्या त्या लालबुंद नाक घेऊन. डोळ्यांतून पाणी गळत होतं. रंगकाकांनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"बाई, हे रंगाने झाकायचं दुखणं नाही. घरी जा."

"आज रजा घेतली तर उद्या माझ्या खुर्चीत दुसरी बसेल. काका, पाया पडते."

रंगकाकांनी झाकलं. नाकावरचा लालपणा गेला, डोळे ताजे दिसू लागले. थोड्याच वेळात त्या पडद्यावर कडाडत होत्या, "जराशी कणकण वाटली तरी घराबाहेर पडू नका!"

रंगकाकांनी कोपऱ्यात जाऊन लेकीला फोन लावला. "उद्या नाही जमणार गं. आज एका तापलेल्या कपाळाला हात लावलाय मी."

पलीकडून हुंदका आला. "बाबा, मीच फार ताणलं का हो?"

"नाही बाळा. आज तुझंच बरोबर ठरलं."

दोन दिवसांतच त्यांनी अंथरूण धरलं. बायको फोनवरून गरम पाणी प्या, उशी उंच घ्या म्हणून ओरडत राहिली. ताप उतरला. बाईही बऱ्या झाल्या. काही घरांत मात्र खरंच माणसं गेली. त्यांची नावं कुणी वाचली नाहीत. मग वाहिनीला नवी बातमी मिळाली आणि पडद्याखालच्या लाल पट्टीतून फ्लू नाहीसा झाला. लेकीच्या मनातून तो जायला आणखी बराच काळ लागला.

रंगकाका अखेर लेकीकडे पोचले तेव्हा नात पालथी पडायला लागली होती. त्यांनी हात पुढे केले तशी तिने भोकाड पसरलं.

"अनोळखी आहात हो तिला," बायको हसून म्हणाली, आणि त्यांचा चेहरा पाहून तिने नातीला उचलून लेकीकडे दिलं.

इतक्या चेहऱ्यांवरून हात फिरला, पण तान्ही नात फोनबाहेर, प्रत्यक्षात कशी दिसत होती ते त्यांना कधीच कळणार नव्हतं. ते भिंतीला टेकून बसले. नात लेकीच्या खांद्याआडून ओल्या डोळ्यांनी त्यांना न्याहाळत होती.

"झाली तेव्हा कशी होती गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

ती शेजारी येऊन बसली. "कपाळावर बारीक लव होती. डाव्या कानाची पाळी दुमडलेली. मुठी अशा आवळलेल्या, जणू काही हिसकावून आणलंय."

"आणि पापण्या?"

"पापण्या नव्हत्याच म्हणा ना. नीट निरखून बघावं लागायचं."

रंगकाकांनी डोळे मिटले. "सावकाश सांग," ते म्हणाले. "कपाळापासून पुन्हा सांग."