दारात उभं राहून पाहिलेले रविवार

चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "दावीदअण्णा, चर्च परत उघडलं तेव्हाचं सांगा की!" आणि एक सांगायला घेतलं की त्याच्या मागून दुसरं निघतं, दुसऱ्याच्या मागून तिसरं. तेव्हा हे कुणी लक्षात ठेवायचं म्हणून ठेवलं नव्हतं. आजचा रविवार नीट पार पडू दे, एवढंच वाटायचं. हसण्यासारखं त्यात थोडंच आहे, आधीच सांगतो.

मी उद्यमबागेत एका फौंड्रीत तीस वर्षं काढली. रिटायर झालो आणि आमच्या चर्चच्या मंडळीनं मला दारावर उभं केलं. येणाऱ्याला सलाम करायचा, गीतांचं पुस्तक द्यायचं, म्हाताऱ्यांना बाकापर्यंत पोचवायचं. आमची मंडळी मोठी नाही. बेळगाव शहरातली काही घरं, आसपासच्या खेड्यांतली काही, आणि निपाणीहून महिन्यातून एकदा प्रभुभोजनाला येणारी दोन-चार माणसं. सगळ्यांना मी नावानं ओळखतो. म्हणजे, ओळखतो असं वाटायचं.

*

दुसरा लॉकडाऊन उठल्यावरच्या पहिल्या रविवारी माझ्या हातात पुस्तकांऐवजी ताप मोजायची गन दिली. कपाळासमोर धरली की लोक डोळे मिटून घ्यायचे! मी आयुष्यभर उकळतं लोखंड ओतलेला माणूस, पण ती प्लॅस्टिकची गन मी दोन्ही हातांनी धरत होतो.

एक बाई आल्या. तोंडाला मास्क, डोक्यावर पदर, अंगानं अगदी काडी. मी विचारलं, "पाहुणे, कुठनं आलाय? नाव काय लिहू?"

"अण्णा, मी मार्था!"

मार्था आक्का! आमच्याच गल्लीतली. तिचे मालक, भास्कर मास्तर, दुसऱ्या लाटेत गेले होते. तेव्हापासून ती दाराबाहेर पडली नव्हती. मी गन धरली. आकडा आला चौऱ्याण्णव. सकाळपासून ती सगळ्यांना चौऱ्याण्णवच दाखवत होती.

"बिघडलीय वाटतं," मी म्हणालो.

आक्कानं आकडा वाचला. "बिघडली न्हाय. आमी थंडच पडलोय की सगळी."

*

बाकांवर आम्ही फुलीचे स्टिकर लावले होते. एक जागा बसायची, एक सोडायची. शनिवारी मीच टेप घेऊन माप काढत काढत सगळे लावले.

मास्तर आणि आक्का वर्षानुवर्षं डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचे. मास्तर भिंतीकडेला, आक्का शेजारी. आक्का जाऊन आपल्या जागेवर बसली आणि तेव्हा मला दिसलं. फुली नेमकी मास्तरांच्या जागेवर आली होती.

मी धावलो. "आक्का, थांब, मी काढतो. दुसरीकडं लावतो."

तिनं फुलीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. इथं दुसरं कोण येऊन बसणार न्हाय, तेवढं तरी बरं."

पुढं वर्षभरानं नियम उठले. आम्ही ब्लेडनं सगळे स्टिकर खरवडून काढले. तिसऱ्या बाकाशी आलो तर आक्का तिथं बसलेली. उठेचना, नुसती बसून राहिली. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला खुणेनं सांगितलं, पुढं चल.

ती फुली अजून आहे. नवा माणूस आला की विचारतो, "काय हो, तुमच्यात अजून नियम चालू हाय?"

आम्ही सांगतो, "त्या बाकावर चालू हाय."

*

आमची गाणी चालायची ती एलिया सरांच्या पेटीवर. सर शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेले, आवाज असा की माईक लागायचा नाही. त्यांना कोरोना झाला, कितीतरी दिवस ऑक्सिजनवर होते. वाचले. पण जिना चढताना मध्ये दोनदा बसायला लागायचं.

पेटी बंद चर्चमध्ये पडून होती. पहिल्या रविवारी सरांनी ती उघडली, हात लावला, तर नुसतं फुस्स! उंदरांनी भाता कुरतडला होता. सगळी मंडळी बघतेय. सरांनी त्या भोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हिचा भाता गेला, माझा बी गेला. आज तुमीच गावा."

आम्ही मास्कच्या आडून गायलो. कुणी पुढं, कुणी मागं. मधलं एक कडवं अर्ध्यांनी गाळलं, अर्ध्यांनी म्हटलं! आम्ही इतके बेसूर कधी गायलो नव्हतो. शेवटी सरांकडं बघायची कुणाची छाती होईना.

"लई वाईट गायला," सर म्हणाले. मग श्वास घ्यायला थांबले. "अजून एक म्हणा."

*

आमच्या पाळकसाहेबांचं तर निराळंच. बंद असताना ते घरात टेबलावर मोबाईल उभा करून उपदेश करायचे. चर्च उघडलं, माणसं समोर आली, आणि साहेब वर बघेनात! पूर्वी एकेकाच्या डोळ्यात बघून बोलणारा माणूस, आता कागदात मान घालून वाचतोय.

तीन-चार रविवार बघितलं आणि न राहवून विचारलं, "साहेब, मोबाईलची सवय लागली काय?"

"न्हाय अण्णा. वर बघितलं की आपोआप मोजायला लागतोय."

"किती आले ते?"

"कोण न्हाय ते."

*

आता हे मी सहसा सांगत नाही.

सुरुवातीला पन्नासच माणसांना परवानगी होती. शनिवारपर्यंत फोन करून नाव द्यायचं, यादी माझ्याकडं. यादीत नाव नसेल तर आत सोडायचं नाही, असं कमिटीत ठरलेलं.

बेळगुंदीहून शांतवन आजोबा आले. पहिल्या बसनं निघालेले, धुतलेलं धोतर, काखेत पुस्तक. त्यांच्याकडं फोन नव्हता, ही भानगड त्यांना कळलीच नव्हती. यादी भरलेली.

"आजोबा, तुमचं नाव न्हाय."

ते हसले. "नाव न्हाय कसं? ह्याच चर्चात बाप्तिस्मा झालाय माझा."

मी यादी दाखवली. समजावलं. त्यांनी विचारलं, "मग पायरीवर बसू काय? ऐकायला तर येईल."

बाहेर गर्दी करू द्यायची नाही, हाही नियम होताच. आजोबा एकटे होते. एका माणसाची काय गर्दी होते! पण मी न्हाय म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी येतो. तेवढं नाव लिहून ठेव हं." आणि परत बस धरायला गेले.

मी पुढच्या यादीत पहिलंच नाव त्यांचं लिहिलं. बुधवारी त्यांचा पुतण्या सांगायला आला. झोपेतच गेले.

पण मला बोचतं ते वेगळंच. आजोबा परत गेले त्या रविवारी उपासना सुटल्यावर मी आत जाऊन बघितलं. नाव दिलेल्यांपैकी चौघं आलेच नव्हते. चार जागा मोकळ्या होत्या!

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "नियम कमिटीचा होता, अण्णा."

म्हटलं, "व्हय साहेब. पण तोंड माझं होतं."

त्यानंतर कितीतरी महिने मी आत जाऊन बसलो नाही. प्रार्थना, उपदेश, सगळं दारातूनच ऐकायचो. लोक म्हणायचे, दावीदअण्णांची ड्युटी लई कडक!

*

रूथ आक्का लॉकडाऊनमध्ये गेल्या. मुलगा विल्सन कोल्हापूरला कामाला. निरोप मिळाल्याबरोबर बाईकवर निघाला. सीमेवर नाक्यावर अडवला. टेस्टचा रिपोर्ट नाही. आई गेलीय म्हणून सांगितलं, फोटो दाखवला, रडला. पोलिसाचेही डोळे भरले म्हणे, पण तो एकच म्हणत राहिला, "रिपोर्ट इल्ला, सर." रिपोर्ट नाही, सर. इकडं आम्ही पाच माणसांत माती दिली. विल्सन नाक्यावरच्या झाडाखाली बसून होता.

सगळं सुरळीत झाल्यावर तो एकदा आला. उपासनेला आत नाही बसला. सुटेपर्यंत माझ्याजवळ दारात थांबला आणि साहेब बाहेर आल्यावर म्हणाला, "आईची मातीची प्रार्थना परत वाचाल काय?"

साहेब म्हणाले, "वाचलीय बाळा तेव्हा. नीट वाचलीय."

"मी न्हवतो."

आम्ही तिघं कबरस्तानात गेलो. साहेबांनी झगा घातला, पुस्तक उघडलं, पहिल्यापासून सगळं वाचलं. एक ओळ गाळली नाही. माती टाकायची वेळ आली. तेव्हा ध्यानात आलं, माती कुठंय? कबरीवर गवत वाढलेलं, जमीन उन्हानं दगड झालेली. विल्सननं नखांनी उकरून बघितलं. निघेना. मग खिशातून बाईकची किल्ली काढली आणि तिनं खरवडायला लागला.

बराच वेळ लागला. साहेब पुस्तक उघडं धरून थांबले. मी मदतीला वाकलो तर विल्सन म्हणाला, "नको काका. ही माझी हाय."

तीन मुठी भरेपर्यंत त्यानं खरवडलं. निघताना बाईकला किल्ली लावली तर फिरेना, वाकली होती. तिथंच कबरस्तानाच्या पायरीवर बसला आणि तेव्हा रडला.

*

शेवटचा एक रविवार सांगतो. चर्च उघडल्यावर दुसऱ्या वर्षी आम्ही स्मरणाची उपासना ठेवली. दोन वर्षांत गेलेल्यांची नावं वाचायची, घरच्यांनी उठून पुढं यायचं, मेणबत्ती लावायची. यादी मी केली. फोन करून, विचारून, निरोप घेऊन.

निपाणीचे योहानआप्पा त्या यादीत होते. तंबाखूच्या वखारीत काम करायचे, राहायचे एकटेच. कुणीतरी सांगितलं, गेले. फोन लावला तर बंद. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ पेत्रस आमच्याच मंडळीत, पण दोघांचं बोलणं चौदा वर्षं बंद. आईच्या मातीच्या दिवशी कबरीपाशीच भांडण झालं होतं. पेत्रसना कळवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं."

त्या रविवारी चर्च भरलं होतं. उपासना सुरू झाल्यावर एक मास्कवाला माणूस घाईनं आला, मी पुस्तक दिलं, तो शेवटच्या बाकावर बसला. साहेब नावं वाचत होते. एकेक घर उठत होतं.

"ख्रिस्तवासी योहान, निपाणी."

कुणी उठेना. साहेबांनी वर बघितलं. मग पेत्रस उठले. पुढं गेले, मेणबत्ती हातात घेतली, आणि काडी पेटवायच्या आधीच त्यांना हुंदका आला. "योहान्या," म्हणाले. "योहान्या, मी यायला पायजे होतो रं!" साठीतला माणूस, टेबल धरून लेकरासारखा रडत होता. मंडळीतली माणसंही रडायला लागली.

शेवटच्या बाकावरचा माणूस उठला आणि दाराकडं आला. पुस्तक माझ्या हातात दिलं आणि मास्क खाली केला.

योहानआप्पा!

"आप्पा! तुमी..."

"लेकीकडं होतो गडहिंग्लजला. मोबाईल विहिरीत पडला, परत घेतलाच न्हाय. वखारीत दुसरा एक योहान होता, तो गेला."

"मग नाव वाचलं तेव्हा बोलला का न्हाय? तिथल्या तिथं उठायचं की!"

आप्पांनी आत बघितलं. पेत्रस अजून रडत होते. दोघं-तिघं त्यांना धरून उभे होते.

"उठणारच होतो रं," आप्पा म्हणाले. "पण चौदा वर्षांनी त्यानं मला नावानं हाक मारली. मधीच कसं थांबवू?"

मग मास्क परत नाकावर चढवला आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागले.