बाबांच्या मताची नक्कल

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि आजवर लिहिलं ते परीक्षेपुरतं. ज्यांचं हे काम आहे त्यांनी मला माफ करावं. पण मी स्वतःच्या मनाने लिहिलेला पहिला कागद, एक साधा अर्ज, एका माणसाने भरल्या खोलीत मोठ्याने वाचला होता आणि खोली हसली होती. निदान हा दुसरा कागद कोणीतरी न हसता वाचावा, एवढंच.

ती खोली निवडणूक शाखेची. टेबलामागे बसलेल्या बाबूने माझा अर्ज दोन बोटांत धरला होता, ओला फडका धरावा तसा.

"'माझ्या वडिलांच्या मताचे पुढे काय झाले, हे मी जाणून घेऊ इच्छितो.'" तो थांबला. चष्म्यावरून सगळीकडे बघून घेतलं. "इच्छितो म्हणे. राजेसाहेब इच्छितात."

चहा घेऊन आलेला शिपाई हसला. संगणकावरच्या मॅडम मान वर न करता हसल्या. मीसुद्धा थोडासा हसलो. बाबू हसला ते मी विसरेन. मी हसलो ते विसरता येत नाही.

अर्ज का केला, ते सांगतो.

आम्ही जूचंद्र गावचे. बाबांनी वीस-बावीस वर्षं मिठागरात काम केलं. पायाला जखम झाली, साखरेच्या आजाराने ती भरली नाही, आणि दोन वर्षांपूर्वी उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून ते दारातल्या खाटेवर असतात. खाट अशी ठेवलीय की गल्लीतून येणारा आधी त्यांनाच दिसतो. गॅसवाला, पोस्टमन, वर्गणीवाले, सगळे आधी बाबांशी बोलतात. घरात कोण आहे, कोण कुठे गेलंय, हे विचारायचं ठिकाण म्हणजे बाबा.

मतदान त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. सकाळी पहिल्या दहांत उभे राहायचे, धुतलेला पांढरा शर्ट घालून. मिठाने फाटलेल्या बोटावर शाई नीट बसायची नाही, भेगांमध्ये पसरायची. महिनाभर ते बोट निळं दिसायचं. आई म्हणायची, "घासून काढा की." ते म्हणायचे, "र्‍हाऊ दे. सरकारनं लावलंय."

गेल्या निवडणुकीआधी यादीचं काम करणाऱ्या अंगणवाडीच्या बाई घरी आल्या. घाईत होत्या. "अपंगांचा फॉर्म आहे, भरून ठेव. मराठीतले संपले," असं म्हणून इंग्रजी कागद माझ्या हातात दिला आणि पुढच्या घरी गेल्या. मी कॉलेजवाला. इंग्रजी कागद बघून मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. वरचे दोन शब्द वाचले, अपंगत्व आणि मतदान केंद्र, आणि समजलो की केंद्रावर चाकाची खुर्ची मिळावी म्हणून हा फॉर्म असणार. खालचा बारीक मजकूर वाचला नाही. नाव, पत्ता, अपंगत्वाच्या दाखल्याचा नंबर भरला. बाबांना म्हणालो, इथे अंगठा लावा. त्यांनी लावला. संध्याकाळी बाई कागद घेऊन गेल्या.

तो फॉर्म खुर्चीचा नव्हता. तो घरी बसून टपालाने मत देण्याचा होता. एकदा तो मंजूर झाला की माणसाला केंद्रावर मत देता येत नाही. अधिकारीच मतपत्रिका घेऊन घरी येतात. हे मला मतदानाच्या दिवशी कळलं.

त्या दिवशी बाबा पांढरा शर्ट घालून रिक्षात बसले. शाळेच्या पायऱ्यांवरून मी आणि शेजारच्या काकांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट वर नेलं. माझं ते पहिलं मतदान. टेबलावरच्या माणसाने यादीत बोट फिरवलं आणि थांबवलं.

"यांच्या नावापुढे पीबी आहे."

"म्हणजे?" मी विचारलं.

"टपाली. यांचं मत घरीच घेतलंय."

बाबा म्हणाले, "कोन आला व्हता घरी? कोनच नाय आला."

"काका, मागे लाइन आहे."

मी तिथेच मत दिलं. कसं दिलं, कोणाला दिलं, हे मला नीट आठवतही नाही. परत येताना रिक्षात बाबा माझ्या बोटाकडे बघत होते. म्हणाले, "बेस लागलीय शाई."

रात्री मी त्यांना फॉर्मचं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "तू म्हनलास लाव, मी लावला." रागावले असते तर बरं झालं असतं.

मग रोज एकच प्रश्न. भात वाढताना, पायाची पट्टी बदलताना. "माजं मत गेलं कोनाला?" त्यांच्या डोक्यात बसलं होतं की कोणीतरी त्यांच्या नावावर दुसऱ्याचा अंगठा लावला. मलाही तेच वाटत होतं. म्हणून मी तो अर्ज लिहिला. घरून मत देणाऱ्यांची यादी, आणि अधिकारी कोणाच्या घरी गेले, कोणाचं मत घेतलं याची नोंद मला बघायची होती. चार वेळा लिहून काढला.

आणि बाबू तो वाचून हसला.

हसून झाल्यावर त्याने नियम सांगायला घेतले. एका नावाची नक्कल मिळत नाही, पूर्ण मतदारसंघाची घ्यावी लागेल. पानामागे फी.

"किती पानं आहेत?"

"ते पैसे भरल्यावर कळेल."

"नुसतं बघायचं असेल तर?"

"बघायची वेगळी फी." मग त्याला स्वतःलाच काहीतरी गंमत सुचली. "यादी उमेदवारांना मोफत असते. तू उमेदवार आहेस का?"

"नाही."

"मग?"

पुन्हा खोली हसली. या वेळी मी हसलो नाही. मी विचार करत होतो. ज्याला मत मागायचंय त्याला माझ्या बापाचं नाव फुकट. ज्याचं नाव आहे त्याला विकत. हा नियम बनवणारा माणूस चांगला शिकलेला असणार. माझ्यासारखा पहिल्या पिढीतला नव्हे, खूप पिढ्या शिकलेला.

बाजूच्या सोफ्यावर एक गृहस्थ चहा पीत होते. त्यांना मी लहानपणापासून ओळखतो. बाबा ज्या मिठागरात होते ते यांचं. आता तिथे इमारती होतायत आणि हे राजकारणात आहेत. मांडीवर तीच यादी होती, बांधणी केलेली, कडेला रंगीत चिठ्ठ्या लावलेली.

"तू लक्ष्याचा पोरगा ना?" ते म्हणाले.

माझ्या वडिलांचं नाव लक्ष्मण आहे. वय अठ्ठावन्न.

"बापाचा पाय गेला ना रे? बरा होता कामाला. बस. फी कशाला भरतोस, मी दाखवतो." त्यांनी पान काढलं, बोट खाली नेलं आणि ओळ मला वाचून दाखवली. "हे बघ. लक्ष्मण. नाव आहे, नंबर आहे. झालं समाधान?"

नावापुढे आणखी रकाने होते. त्यांवर त्यांचा जाडजूड अंगठा होता, अंगठीसकट.

"शेठ, पुढचं काय लिहिलंय?"

"पुढचं तुझ्या कामाचं नाही. साहेबांना त्रास नको देऊस."

बाबू म्हणाला, "शेठनी स्वतः बघून दिलं तुला. पाया पड आणि नीघ."

इथे एक सांगायला हवं. मिठाची पहिली रास लागली की मिठागरावर नारळ फुटायचा. आम्ही सगळी पोरं रांगेत उभी राहायचो, एकेक जण शेठच्या पाया पडायचा आणि हातात पेढा पडायचा. सात-आठ वर्षं मी तो पेढा खाल्लाय. त्या खोलीत बाबू "पाया पड" म्हणाला आणि माझी कंबर आपोआप वाकायला लागली. मी ठरवलं नव्हतं. माझ्या पाठीला ते पाठ होतं.

अर्ध्यात थांबलो. मला त्यांचे बूट दिसत होते. पॉलिश केलेले. चिखल काय असतो हे त्या बुटांना माहीत नव्हतं, आणि मिठागर म्हणे त्यांचं. मला एकदम हसू आलं. मघासारखं नव्हे.

मी सरळ उभा राहिलो.

"मला फी भरायची आहे," मी म्हणालो. "पूर्ण यादीची. आणि भेटींच्या नोंदीचीही. पावती द्या."

"अरे, फुकट दाखवलं ना?"

"फुकट नको. पावती द्या."

जूचंद्रची पोरं रांगोळी काढतात, मीही काढतो. लग्नाच्या हॉलमध्ये, दुकानांच्या उद्घाटनाला. त्या ऑर्डरचे पैसे कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवले होते. ते सगळे तिथे दिले. बाबूने पावतीवर नाव काय लिहू, असं विचारलं. मी बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, आणि शेठकडे बघत सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला नाही. पण प्यायलेही नाहीत.

पावती मिळाली, नक्कल नाही. साहेब रजेवर, झेरॉक्स बंद, फाइल वर गेलीय. मी दर सोमवारी जात राहिलो. बाबूला माझा चेहरा बघून कंटाळा यायला लागला, आणि मला त्याचा कंटाळा बघून बरं वाटायला लागलं. लहानपणापासून मी या लोकांना घाबरलो. टेबल काढून घेतलं तर यांच्याजवळ काय उरतं? एक रबरी शिक्का, आणि तोही सुकलेला.

परवा जाड पाकीट आलं. पोस्टमनने ते बाबांच्याच हातात दिलं, खाटेवर. मी आतून धावत आलो. पानं उलटली, नाव सापडलं. शेठचा अंगठा ज्यावर होता ते रकाने आता उघडे होते. दोन रकाने, एकाच हस्ताक्षरात.

पहिली भेट : मतदार घरी आढळला नाही.

दुसरी भेट : मतदार घरी आढळला नाही.

म्हणजे मत कोणाला गेलंच नाही. कोणी आलंही नाही. मी बाबांना दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी आधी कापलेल्या पायाकडे पाहिलं, मग गल्लीकडे.

"मंग मी गेलो व्हतो कुठं?" ते म्हणाले. "ते पन लिवलंय का?"

ते लिहिलेलं नाही. नवा अर्ज मी आजच लिहिलाय. त्यात हाच प्रश्न आहे, बाबांच्याच शब्दांत. या वेळी 'इच्छितो' लिहिलेलं नाही. 'उत्तर द्या' लिहिलंय. खाली अंगठा बाबांचा आहे, आणि तो लावण्याआधी मी त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलंय. सोमवारी घेऊन जाणार आहे. बाबूने मोठ्याने वाचावा.