उगवतीचा समुद्र

माघ शुद्ध सप्तमी. कॅनडातलं हॅलिफॅक्स शहर. हजर मी आणि माझी पत्नी, दोघंच. खिशात साठ डॉलर. एवढं आधी लिहून ठेवतो, कारण असे अनुभव सांगताना माणूस नकळत चार गोष्टी वाढवतो, असं मला नेहमी वाटत आलं आहे. देव मी मानतो, पण तो अमक्याला भेटला, तमक्याच्या हाकेला आला, हे ऐकलं की मनात शंका येते. ती शंका घेऊनच मी त्या सकाळी घराबाहेर पडलो.

मुलगी बाळंतपणासाठी तिथल्या इस्पितळात होती. पहिल्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं, तेव्हा आमच्यापैकी कोणी तिच्याजवळ नव्हतं. म्हणून या वेळी दोघंही गेलो. जावई कामासाठी दुसऱ्या शहरात गेला तो तिथेच अडकला, विमानं बंद. सकाळी मुलीचा फोन आला, "आई, बाळंतपण आजच करायचं म्हणतात. तू ये ना लवकर." बाहेर बर्फाचं वादळ. बस बंद, टॅक्सी येईना. इस्पितळ मुलीच्या घरापासून पश्चिमेला, पायी अर्ध्या तासावर, एवढं ठाऊक होतं. फोनवरचा नकाशा बघत निघालो, तर दोन वळणांत थंडीने फोनच बंद पडला. रस्त्यांच्या पाट्या बर्फाने लिंपलेल्या. समोरचं घरही धड दिसेना.

तेवढ्यात जहाजाचा भोंगा ऐकू आला आणि मला धीर आला. मी रेवसजवळच्या मिठागरवाल्या घरातला, आता न्हावा शेव्याला मालवाहतुकीचं काम करतो. आमच्या किनाऱ्यावर माणूस हरवत नाही. समुद्र मावळतीला, डोंगर उगवतीला. डोळे बांधले तरी दिशा कळते. भोंगा तिकडे म्हणजे पश्चिम तिकडे, असं म्हणून मी पत्नीचा हात धरला आणि भोंग्याच्या दिशेने चालू लागलो.

"अवो, कोनाला तरी इचारा," ती म्हणाली.

"समुद्र काय खोटं बोलतो?"

"समुद्र न्हाय बोलत, तुमीच बोलताय. सकाळधरनं."

बरंच चाललो. इस्पितळ येईना. एका उतारावर ती घसरून बसली आणि उठेना. लागलं नव्हतं, पण डोळे भरले होते. "पोर पुन्हा एकटी हाय," एवढंच म्हणाली. मी गावदेवीला मनातल्या मनात म्हटलं, बाई, माझी दिशा संपली, आता तुझी दाखव. नवस बोललो नाही. बोलायला काही शिल्लकच नव्हतं.

तिला उठवायला वाकलो तेव्हा बर्फात खडे दिसले. पांढऱ्यावर किंचित करडे. हाताला ते ओळखीचे लागले. एक खडा उचलून जिभेवर ठेवला. मीठ!

"रस्त्यावरचं काय तोंडात घालता? याड लागलं काय?"

"अगं, मीठ हाय! इथं कोनी टाकलं?"

या परमुलखात, पायाखाली मीठ. त्या घडीला मला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटलं, हे खरं सांगतो. तेवढ्यात वळणावरून पिवळा दिवा फिरवत एक ट्रक आला. बर्फ वितळावा म्हणून मागून रस्त्यावर मीठ उधळत होता. मी दोन्ही हात वर केले. चालक दाढीवाला, कानटोपी घातलेला. माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तो हसला नाही.

"तुम्ही उलटे आलात," तो म्हणाला. "इथे समुद्र पूर्वेला आहे." मग म्हणाला, "गाडीत कोणाला घ्यायची परवानगी नाही. पण मी आता इस्पितळाच्याच रस्त्याला मीठ टाकायला निघालोय. हळू चालवतो. माझ्या मागे मिठावरून या, घसरणार नाही."

शिमग्यात पालखी ज्या गल्लीत वळते त्या गल्लीत आपण वळतो; कुठे, का, असं विचारत नाही. तसे आम्ही त्या पिवळ्या दिव्यामागून चाललो. तो चौकाचौकात थांबायचा, आरशात आम्हाला बघायचा, मग पुढे जायचा. इस्पितळाचं दार आलं तशी पत्नी मागे न बघता आत गेली. नात झाली तेव्हा मुलीचा हात आईच्या हातात होता. दोघी सुखरूप.

मी याला चमत्कार म्हणत नाही. तो त्याचा रोजचा रस्ता होता आणि मीठ तिथल्या खाणीतलं. पण एक प्रश्न अजून सुटत नाही: मी बरोबर दिशेने निघालो असतो, तर त्या बर्फात कोणाच्या मागून चाललो असतो? माझ्या खात्रीने आम्हाला हरवलं आणि ती खात्री गेली तिथेच वाट सुरू झाली. एवढं कळायला मला इतक्या लांब जावं लागलं, याचं नवल वाटतं. आणि त्या गावदेवी माउलीचे उपकार वाटतात, की तिने माझी शंका दूर होण्याची वाट पाहिली नाही.

देण्याचं लिहायचं राहिलं. दारापाशी मी खिशातले साठही डॉलर पुढे केले. त्याने मान हलवली आणि माझ्या काखेतल्या डब्याकडे बोट केलं. आत बाळंतिणीसाठी आणलेले डिंकाचे लाडू होते. एक त्याने तिथेच खाल्ला, "कडक आहे," म्हणाला, आणि आणखी एक मागून घेतला. चुकतं झालं ते एवढंच: दोन लाडू, मिठाच्या गाडीच्या चालकाला.