पत्ता पाहून केलेला तपास

ती सकाळ आठवली की आजही मान खाली जाते. पोलिसात उभा जन्म काढला, पण ही केस मी घरातही कधी धड सांगितली नाही.

तेव्हा मी चेन्नईत अण्णा नगर भागात इन्स्पेक्टर होतो. एका औषध दुकानात काम करणाऱ्या बाईने टिप दिली की ट्यूशनची मुलं वेदनाशामक गोळ्या भरमसाट नेतात, नशेसाठीच असणार. मालक डॉक्टरची चिठ्ठी नीट पाहत नाही, असंही ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही ट्यूशनच्या जिन्याशी दोघांना अडवलं. दोघे बारावीचे. पहिल्याने कालव्याकाठच्या वस्तीचा पत्ता सांगितला, तसं मी त्याला जीपमध्ये बसवलं. दुसऱ्या चष्मेवाल्याने माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि घरच्या मराठीत म्हणाला, "मामा, मी ट्यूशनास चाललों."

आम्हा तंजावरकडच्या मराठी लोकांची इथे मोजकी घरं. आपला कोणी भेटला की कोणाचा कोण, हे आधी विचारायचं. मीही विचारलं. आजोबा ओळखीचे निघाले, वडील डॉक्टर. बॅग न उघडताच मी त्याला वर पाठवलं.

वस्तीतल्या मुलाच्या बॅगेत वह्या, डबा आणि हॉल तिकीट निघालं. दहाला त्याची बोर्डाची प्रॅक्टिकल होती. हे त्याने चारदा सांगितलं. अल्पवयीन मुलाला असं ठाण्यात बसवून ठेवता येत नाही, हा नियम मला पाठ होता. तरी बसवला. माल कोण आणतो म्हणून दरडावलं, तर म्हणाला, "सार, नाव सांगितलं तरी तुम्हाला पटणार नाही." मला तो उद्धटपणा वाटला.

अकराला औषध दुकानातली ती बाई ओळख पटवायला आली. हा नव्हे, चष्मेवाला, असं म्हणून तिने आणलेल्या चिठ्ठ्या पुढे केल्या. त्यांवर त्याच डॉक्टर वडिलांचं नाव छापलेलं होतं.

चष्मेवाल्याच्या बॅगेत गोळ्या सापडल्या. अर्ध्या वर्गाला तोच पुरवत होता. रडत म्हणाला, "मार्क कमी आले की घरांत कोणी बोलत नाहींत, मामा. गोळी घेतली की तें लागत नाहीं." त्याला उपचारांसाठी पाठवलं. घरातला अबोला, ट्यूशनच्या भिंतीवरची मार्कांची यादी, वडिलांचं चिठ्ठ्यांचं पॅड, डोळेझाक करणारा दुकानदार, या सगळ्यांनी मिळून ते पोर बिघडवलं होतं. आणि मी नशा शोधत होतो कालव्याकाठी. मुलं कशाने बिघडतात हे पोलिसाने पत्त्यावरून ठरवू नये, एवढं शिकलो, पण दुसऱ्याच्या पोराचं वर्ष घालवून.

वस्तीतल्या मुलाची परीक्षा हुकली ती हुकलीच. संध्याकाळी माफी मागायला मी त्याच्या घरी गेलो. आईने पदराने खुर्ची पुसली आणि हात जोडून तमीळमध्ये म्हणाली, "सार, पोराला मारलं नाहीत, तुमचे उपकार झाले."

ते आभार घेऊन मी बाहेर पडलो. माफी मागितलीच नाही.